तुम्ही विचारलंत म्हणून : पोरीच्या ओठांवर डाग कसले?

रंकाळ्यावर भेळेच्या गाडीशी विचारतात, शाळेच्या फाटकाशी विचारतात, उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपला ती डबा घेऊन आली की लेथवरचा पोरगाही विचारतो, "जांभळं खाल्लीस काय गं?" जूनमध्ये हो म्हणून सुटता येतं. डिसेंबरात येत नाही. मग सल्ले सुरू होतात. साय लावा, बीट चोळा, आता लेसरनं सगळं जातंय, पोरीची जात आहे, लग्नाआधी बघून घ्या. ती नऊ वर्षांची आहे.

डाग तिळाएवढे, गडद तपकिरी. खालच्या ओठावर जास्त, दोन-तीन बोटांच्या टोकांवर. जन्मताना नव्हते, दुसऱ्या वर्षात उमटायला लागले. त्यांचा काही त्रास नाही, म्हणून आम्हीही त्यांना काही करत नाही. त्रासाचं मूळ पोटात आहे. प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम असं त्याचं नाव. प्यूट्झ या डच डॉक्टरनं १९२१ साली एकाच घरातल्या माणसांचे डाग आणि आतड्यातले पॉलिप यांची सांगड घातली, आणि १९४९ साली अमेरिकेतल्या जेगर्स यांनी ते पक्कं मांडलं. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणारी गाठ, बऱ्याचदा देठानं लोंबणारी. या आजारात पॉलिप लहान आतड्यात जास्त असतात.

पोरीला हे माझ्याकडून आलं. माझ्या ओठांवरचे डाग वयात आल्यावर फिके होत गेले, राहिलेले मिशीखाली गेले. गालाच्या आतले मात्र अजून तसेच आहेत.

१९९६ साली मी सोळा वर्षांचा होतो. जेवण झालं की अर्ध्या तासानं पोटात कळ यायची, मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो, आणि थोड्या वेळानं कळ आपोआप जायची. गेली म्हटल्यावर कोण लक्ष देणार? जंताचं औषध झालं, तांबडा रस्सा बंद झाला. एका दवाखान्यात अपेंडिक्स काढलं. ते चांगलंच असणार बहुतेक, कारण दोन महिन्यांनी कळ परत आली आणि या वेळी गेली नाही. हिरवी उलटी झाली, पोट फुगलं. रात्री दुसरीकडं पोट उघडलं, तर आतड्यात आतडं शिरलेलं. शर्ट काढताना बाही आत ओढली जाते ना, तसं. पॉलिप मोठा झाला की आतडं त्याला अन्न समजून पुढं ढकलतं, आणि पॉलिपच्या मागं आतडंही ओढलं जातं. आधी ते स्वतःच सुटत होतं, म्हणून कळ जात होती. या आजारात विशीच्या आत जवळपास निम्म्या लोकांवर हा प्रसंग येतो. माझं हातभर आतडं काळं पडलेलं, ते कापावं लागलं.

तिसऱ्या दिवशी राउंडला एक वयस्कर डॉक्टर आले. पोटाकडं बघितलंच नाही. म्हणाले, "आ कर." टॉर्च मारून गालाच्या आत बघितलं, मग कॉटशेजारी उभ्या असलेल्या आईकडं वळले. "मावशी, जरा उजेडात या." आईनं पदर तोंडावर घेतला. तिला तिच्या सासरी या डागांवरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. "माझ्या आईलाबी हुतं," एवढंच ती पदरातून बोलली. ती आज्जी पोटातल्या गोळ्यानं गेली, असं घरात सांगायचे. आईला वर्षानुवर्षं रक्त कमी म्हणून टॉनिक चालू होतं. पॉलिपमधून थेंबथेंब रक्त जात असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. तीन पिढ्यांचं तोंड रोज बघणारे आम्ही, कुणाला पोट आठवलं नाही.

डाग आणि एक जरी तसला पॉलिप सापडला, की निदान पक्कं. घरात आधी कुणाला असेल तर नुसते डागही पुरतात. १९९८ मध्ये यामागचं जनुक सापडलं, एसटीके-११. रक्ताची तपासणी आधी माझी केली, बिघाड नेमका कुठं आहे ते कळलं, मग पोरांच्या रक्तात तेवढीच जागा बघितली. प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा-काटा. थोरल्याला नाही, धाकटीला आहे.

आठव्या वर्षी पहिली तपासणी करायची असते, जठराची, मोठ्या आतड्याची आणि लहान आतड्याची. लहान आतड्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची. २६ एमएम लांब, ११ एमएम जाड. मी व्हर्नियरवर ते माप उघडून बघितलं आणि पोटात गोळा आला. बायकोनं महिनाभर पोरीला गुळाचे खडे गिळायला शिकवलं. आधी शेंगदाण्याएवढा, मग चिंचोक्याएवढा. पुण्याला त्या दिवशी तिनं कॅप्सूल एका घोटात गिळली आणि विचारलं, "ही गोड का नाही?" दिवसभर कमरेला रेकॉर्डर बांधून हिंडली. पॉलिप निघाले, सर्वांत मोठा ९ एमएमचा. पंधरा एमएमच्या पुढं गेले की काढायचे, किंवा आधीच त्रास द्यायला लागले तर. नाहीतर तीन वर्षांनी परत बघायचं.

मला कॅप्सूल देत नाहीत. जुन्या टाक्यांपाशी आतडं अरुंद असेल तर ती अडकते. माझा एमआरआय करतात. चार वर्षांपूर्वी २२ एमएमचा एक दिसला, तो पोट न उघडता काढला. तोंडातून लांब दुर्बीण, तिच्यावर फुगा. पायजम्यात नाडी ओवताना कापड चुण्या करत मागं सारतो, तसं आतडं दुर्बिणीवर गोळा करत आत जातात. माझ्या धंद्यातला माणूस असं काम बघून हात जोडेल.

कॅन्सरचं विचारता, तर हो, धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. आतडं, जठर, स्वादुपिंड, बायकांत स्तन. स्वादुपिंडाची तपासणी माझी चालू आहे. पोरीच्या स्तनांची तपासणी मोठेपणी सुरू होईल, ते आत्ताच तिच्यापुढं काढत नाही. पण पोटात कळ आणि उलटी एकत्र आली तर लगेच सांगायचं, हे तिला पाढ्यासारखं पाठ आहे. वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवलंय.

आईनं पदर घेतला, मी मिशी ठेवली. पोरगी तसलं काही करत नाही. परवा शाळा सुटल्यावर फाटकाशी एका मैत्रिणीनं डागांचं विचारलं, तर ही म्हणाली, "हे काहीच नाहीत, माझ्या पप्पांचे गालात आहेत. पप्पा, आ करा." पाच-सहा पोरी, दोन आज्ज्या आणि रिक्षावाले मामा. मी गाडी स्टँडला लावली आणि आ केला.