मंगळावरच्या लांडग्याची पौर्णिमा

मंगळावर पौर्णिमा कधी असते? भविष्यातल्या वसाहतीत लांडगामानव, म्हणजे शापामुळे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, आणि त्याचा प्रियकर यांची शृंगारकथा लिहायची, तर पहिला शब्द लिहायच्या आधी हे ठरवावं लागतं. बहुतेक कथा इथेच घसरतात. अंतराळयान, काचेचे घुमट, लाल माती सगळं येतं आणि मग पृथ्वीवरचा महिन्यातून एकदा उगवणारा चंद्र तसाच उचलून वर टांगला जातो.

मंगळाला दोन चंद्र आहेत. त्यातला एक, फोबोस, ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, म्हणजे चंद्र ग्रहापेक्षा वेगात पळतो. म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि साधारण सव्वाचार तासांत पूर्वेला मावळतो. दर फेरीत एकदा तो भरतो, म्हणजे पौर्णिमा होते. शाप जसाच्या तसा लावला, तर बिचारा नायक रोज तीन-तीनदा अंगावर केस उगवून घेईल आणि प्रेमाला वेळच उरणार नाही.

पण याच गणितात कथेचा खजिना आहे. फोबोस ग्रहाच्या इतका जवळ आहे, की मंगळाच्या वर्षाचा सुमारे दोन-तृतीयांश काळ तो भरायच्या क्षणालाच ग्रहाच्या सावलीत शिरतो. पूर्ण उजळलेला फोबोस दिसतो तो फक्त दोन्ही अयनबिंदूंच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास, दर वेळी साधारण शंभर ते एकशेचाळीस दिवस. म्हणजे शापाला आपोआप ऋतू मिळाला! मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं. त्यात दोन लांबलचक अवघड हंगाम आणि मधे शांत महिने. शिवाय ७० अंश अक्षांशाच्या पलीकडे फोबोस क्षितिजावर येतच नाही. ज्याला बदलायचं नाही, तो ध्रुवाकडच्या बर्फखाणीत नोकरी मागणार. त्याचा जोडीदार विषुववृत्ताजवळच्या मोठ्या वसाहतीत. एकत्र राहायचं तर एकाला चंद्राखाली यावं लागणार, किंवा दुसऱ्याला थंडीत जावं लागणार. हा विरह ग्रहाच्या कक्षेतून आलाय. लेखकाने ओढूनताणून आणलेल्या गैरसमजापेक्षा तो कितीतरी पटीने खरा वाटतो.

मी यातून एक कसोटी काढते. अलौकिक गोष्ट, यंत्र आणि वासना हे तिन्ही एकमेकांत अडकलेले हवेत. यातलं एक काढून कथा तशीच उभी राहिली, तर ते सजावट म्हणून आलेलं असतं. पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथेत तर हे जास्तच सांभाळायला हवं. लांडगेपण हे लपवलेल्या ओढीचं रूपक म्हणून इतकं वापरून झालंय, की वसाहतीत समलिंगी असण्याची कुणालाच अडचण नाही आणि भीती फक्त दातांची आहे, असं ठरवलं तरी कथा मोकळा श्वास घेते. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले गेले. शे-दोनशे वर्षांनंतरच्या मंगळावरही पात्रांना त्याच कोठडीत का ठेवायचं?

आता प्रवासाचे महिने. वजनरहित अवस्थेत शरीरातला द्रव वर सरकतो, चेहरा सुजतो, नाक चोंदतं. अंतराळवीरांना जेवण बेचव लागतं, तिखट सॉस हवासा वाटतो, तो बहुधा त्यामुळेच. आणि आपला लांडगा तर जोडीदार ओळखतो वासावरून! यान निघाल्यावर पहिले काही दिवस त्याला समोरच्याचा वासच येत नाही, ही केवढी मोठी संधी आहे. ज्याच्याबद्दल नाकाने खात्री दिली असती, त्याच्याकडे आता बघावं लागतं, ऐकावं लागतं, विचारावं लागतं. ओढ हळूहळू चढवायला याहून चांगली शिडी सापडणार नाही. नाक मोकळं होतं तो दिवस मी कथेच्या मध्यावर ठेवीन.

शय्येचा प्रसंग लिहिताना न्यूटन विसरला की सगळं पोकळ वाटतं. एकाने दुसऱ्याला जवळ ओढलं की दोघंही हलतात. ढकललं की दोघं दोन भिंतींना. म्हणून काहीतरी धरायला हवं: भिंतीवरची दांडी, पाय अडकवायचा पट्टा, किंवा दोघांना सामावणारी भिंतीला बांधलेली झोपायची पिशवी. एकाचा पाय पट्ट्यात आणि दुसऱ्याचा भार त्याच्या हातांवर, एवढ्यानेच कोण कुणाला सावरतंय हे कळतं. घाम ओघळत नाही, कातडीवर पातळ थर होऊन चिकटून राहतो आणि जाडावत जातो. गरम हवा वर जात नाही. पंखा बंद असेल तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो आणि डोकं दुखायला लागतं. त्यामुळे ‘सगळी यंत्रं थांबली, फक्त त्यांचे श्वास ऐकू येत होते’ हे वाक्य कापून टाकावं. पंख्याची घरघर राहू द्यावी. त्या आवाजात कानाशी बोलावं लागतं, आणि कानाशी बोललेलं वाक्य शृंगारात फार कामाचं.

रूप बदलतानाही हिशेब हवा. रानातला करडा लांडगा बहुधा ३० ते ५० किलोंचा. पंचाहत्तर किलोंच्या माणसाचा लांडगा पंचाहत्तर किलोंचाच ठेवावा. उरलेले किलो कुठे गेले, हा प्रश्न मग उद्भवत नाही. गळलेले केस हवेच्या गाळण्यांत जाऊन बसतात. गाळणी तुंबली की यंत्र सूचना देतं, सूचना आली की अभियंता येतो, आणि दार वाजतं. गुपित फुटायला इतकं साधं कारण पुरतं.

लांडग्याऐवजी रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर, निवडला तर गणित बदलतं. पृथ्वीजवळच्या स्थानकावर दर दीड तासाला एक, म्हणजे दिवसात सोळा सूर्योदय. उन्हाने जळणाऱ्याला खिडकी उघडी असणं हाच धोका. मंगळाच्या वाटेवर अडचण साठ्याची. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसला ४२ दिवस टिकतात आणि प्रवास सात महिन्यांचा. गोठवून ठेवा, असं चोखंदळ वाचक म्हणणारच. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली दहा वर्षं ठेवता येतं, पण वितळवल्यावर ते ग्लिसरॉल धुऊन काढावं लागतं आणि मग ती पिशवी बहुधा २४ तासांतच संपवावी लागते. धुण्याचं यंत्र बिघडवा, आणि उरतात सहकारी. सहा पुरुष, प्रत्येकी ४५० मिली, तीन महिन्यांतून एकदा: एकूण २,७०० मिली, म्हणजे दिवसाला ३० मिली. दोन मोठे चमचे. ही भूक अख्ख्या कथेला पुरते. यानाच्या डॉक्टरकडे कुणी कधी दिलं याची यादी असते, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली गेलं की नाव कटतं. एकाने आपली पाळी नसताना मनगट पुढे केलं, आणि दुसऱ्याने भूक असून यादी बघितली, नाही म्हटलं. माझ्या मते या कथेतला सगळ्यात कामुक क्षण तो नकार आहे.

इथेच संमतीचा मुद्दा येतो आणि त्यात मी तडजोड करत नाही. नजरबंदी, मनाशी मन जोडणारं यंत्र, ‘नशिबाने बांधलेला जोडीदार’ ही तिन्ही हत्यारं नकाराची जागाच काढून घेतात. वापरायचीच असतील तर सोडवणूकही त्याच नियमात लिहावी: जोडणी कोण तोडू शकतो, किती वेळात, तोडल्यावर काय होतं. शृंगाराच्या आधी ती एकदा तुटताना दाखवावी, म्हणजे पुढचं ‘हो’ वजनदार होतं. वयाचंही तसंच. पात्र तीनशे वर्षांचं असून दिसायला कोवळा पोरगा, ही पळवाट नको. शरीर, मन आणि वय तिन्ही प्रौढांची. आपल्याकडची भुतं घेणाऱ्यांनी म्हणून मुंजाला हात लावू नये. तो मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा आहे, त्याला या कथांत जागा नाही. धनाची राखण करणारा समंध चालेल, एका जागेला जखडलेला. पण मग जखडलेली वस्तू यानात चढवायला कुणीतरी हवं, आणि तिचं वजन सामानाच्या यादीत दिसायला हवं.

भाषेत सगळ्यात मोठी गोची दोन ‘तो’ची. ‘त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या मानेवरचा घाम टिपला.’ कुणी कुणाचा? क्रियापदही मदतीला येत नाही, कारण दोघंही पुल्लिंगी. नावं वेगळ्या वळणाची घ्यावीत, अनिकेत आणि यासेर अशी, अमित-अजित नकोत. एका वाक्यात एकालाच सर्वनाम द्यावं, दुसऱ्याला नाव किंवा हुद्दा. अवयवाला मालक दर वेळी सांगू नये: ‘अनिकेतने कप्तानांच्या खांद्यावर हात ठेवला. मान ओली होती. त्याने ती ओठांनी टिपली.’ तीन छोटी वाक्यं, गोंधळ संपला. अवयवांच्या नावांत संस्कृत शब्द दवाखान्यात नेतात आणि शिव्यांतले शब्द नाक्यावर. क्रियापदांवर भर दिला की दोन्हींवाचून बरंच भागतं.

आणि अहो-जाहो आपल्याकडे आहे, ते वाया घालवू नये. कप्तान यासेरला पहिली सत्तर पानं ‘तुम्ही’. फोबोस वर येतोय, अनिकेत झडपेचं दार बाहेरून लावायला निघालाय, आणि आतून यासेरचा आवाज येतो, ‘जा तू.’ त्यावर अनिकेतचं उत्तर, ‘नाही जाणार. तू सांगितलंस तरी.’ अनिकेतचा हा पहिला ‘तू’ कपडे उतरण्याच्या आधी यावा, नंतर आला तर त्याची किंमत अर्धी होते. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावर, चारचौघांत, पुन्हा ‘कप्तान, तुमचा अहवाल’ असंच हवं.