शाळेचा खडू आणि स्प्लेंडर

भंगारवाल्यानं गाडीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. चपलेनं पाचट बाजूला सारलं, टाकीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "साडेतीन हजार." का कोण जाणे, मला राग आला. "तेवढ्यात मीच घेतो," मी म्हटलं. पोरगं मास्तर झालं पण शहाणं काही झालं नाही, अशा नजरेनं थोरल्या चुलत्यांनी माझ्याकडं बघितलं.

गाडी चुलतभावाची, २००२ची स्प्लेंडर. तीन वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात, रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला त्यानं मागनं धडक दिली. ट्रॉलीला ना दिवा, ना लाल पट्टी. त्याचं खांद्याचं हाड दोन महिन्यांत जुळलं. गाडीकडं मात्र कुणी फिरकलं नाही. ती गोठ्यामागं पडली, तिच्यावर पाचट पडलं, सीटच्या फोममध्ये उंदरांची दोन-चार बाळंतपणं झाली आणि त्या लेकरांनी वायरिंग खाऊन टाकलं.

मी शंभरपानी वही आणली. पहिल्या पानावर ‘बजेट १२,०००’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एवढा आत्मविश्वास इंजिनामुळं होता. ५० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४९.५चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९७.२ सीसी. १९८५ साली हिरो होंडाच्या सीडी १००मधून आपल्याकडं आलेलं हे माप पुढं १९९४ला स्प्लेंडरमध्ये आलं आणि वर्षानुवर्षं टिकलं. त्यामुळं ह्याचे पार्ट किराणा दुकानाच्या शेजारीसुद्धा मिळतात. माझा एक मित्र यामाहाची जुनी आरएक्स १०० उभी करतोय. ती गाडी १९९६ला बंद झाली, त्यामुळं तिचा अस्सल पार्ट मिळाला की तो पेढे वाटतो, आणि किंमत ऐकली की आम्हाला पेढा गोड लागत नाही. हौस करावी तर आरएक्सची, पण मास्तरच्या पगारात करायची तर स्प्लेंडरच.

टेम्पोत घालून गाडी कोल्हापुरात उद्यमनगरला नेली. मिस्त्रींनी तिला एक फेरी मारली. पुढचं चाक मागं येऊन इंजिनाला चिकटलं होतं.

"सर, कशाला पैसं घालालायसा ह्यात? तेवढ्यात चालू गाडी मिळंल."

मी वही दाखवली. त्यांनी ती वाचली नाही. "इंजिन हुईल. चेसीची मान बघाय पायजे," एवढंच बोलले.

चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि मान म्हणजे त्याला हँडल बसतो तो भाग. नेमका तिथंच चेसी नंबर ठोकलेला असतो आणि समोरून धडक बसली की वाकतेही तीच. मिस्त्रींनी मानेवरचा रंग खरवडला, रॉकेल चोळलं, थोड्या वेळानं फडक्यानं कोरडं पुसलं आणि हात पुढं केला. "खडू हाय का, सर?"

शाळेतनं थेट आलो होतो. खिशात दोन तुकडे होते. ते कुटून त्यांनी पूड मानेवर लावली. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. रेघ उमटली तर गाडी परत भंगारवाल्याकडं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आम्ही चहा मागवला. चहा संपला, पूड पांढरीच राहिली. वीस वर्षं मी खडूनं लिहीत आलोय, पण खडूनं काहीही न उमटल्याचा एवढा आनंद पहिल्यांदाच झाला.

मग जॅक लावून मान सरळ करणं आलं, आणि ती सरळ झाली का हे बघायला दोरी. गवंडी भिंतीला धरतो तशीच. मागच्या टायरला टेकवून ती दोन्ही बाजूंनी पुढं ओढायची. दोन्ही टायर एकाच मापाचे, २.७५-१८, म्हणून पुढच्या टायरलाही ती चारी कडांना सारखीच टेकली पाहिजे. आमची एका बाजूला टेकली आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली. तीन शनिवार गेले तेव्हा ते बोट नखावर आलं. रिमचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढतानाही खडूच लागला. चाक फिरवायचं, खडू रिमजवळ स्थिर धरायचा, जिथं रेघ ओढली जाईल तिथं रिम बाहेर आलेली. मग छत्तीस तारांतली नेमकी कुठली आवळायची आणि कुठली सैल करायची, हे मिस्त्रींच्या हातालाच माहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज ऐका." तार पान्यानं वाजवत होते. मला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या.

इंजिन मी घरी खोललं. स्क्रू हरवू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याच्या लग्नपत्रिकेवर क्लच कव्हरचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. चि. सौ. कां.च्या नावातनं तीन स्क्रू आरपार गेले होते. सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर करावा लागला, म्हणजे गणितानं गाडी आता ९९.१ सीसीची झाली. हे मी शाळेत सांगितलं, कुणालाच काही वाटलं नाही. टाकीतला गंज काढायला आधी चिंच कोळून बघितली, ती वाया गेली. मग चायनीजच्या गाडीवाल्याकडनं व्हिनेगरचे दोन कॅन आणले, टाकीत मूठभर नट टाकले आणि तीन दिवस येता-जाता हलवली. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली. त्या आठवड्यात घरभर मंचुरियनचा वास होता.

बजेट कुठं फुटलं म्हणाल, तर मोठ्या कामांत नाहीच. नवा मडगार्ड बसवला की शेजारचा हेडलाइट म्हातारा दिसतो. हेडलाइट बदलला की इंडिकेटर लाजतात. शिवाय पंधरा वर्षांवरची गाडी म्हणून पर्यावरण कर, पासिंग आणि नव्या नंबरप्लेटचे ५३१ रुपये. आरटीओत चेसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि ठसा स्पष्ट उठला, तेव्हा जॅक लावताना मिस्त्री त्या जागेला एवढे का जपत होते ते कळलं.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा चुलतभाऊ आला. भोवती एकदा फिरला, बसला मात्र नाही. खिशातनं लाल चकाकणाऱ्या पट्टीची गुंडाळी काढली, मागच्या मडगार्डला एक तुकडा लावला आणि उरलेली घेऊन घरच्या ट्रॉलीकडं गेला. गाडी अजून किंचित डावीकडं ओढते. हात सोडून चालवणाऱ्याला कळेल, मी काही हात सोडत नाही.

वहीत बेरीज केली, १९,४६० आली. बायकोला दाखवायची नव्हती, पण तिला ती सापडली. माझ्या बेरजेखाली तिनं तिच्या अक्षरात लिहिलंय: चिंच पाव किलो, खायचा सोडा दोन पाकिटं, स्टीलचा डबा एक (ऑइलचा वास जात नाही), लग्नपत्रिका एक (तारीख बघायची राहिली, लग्न होऊन गेलं). आणि सगळ्यात खाली: शाळेचे खडू किती?