दोघींच्या मधला मोबाइल

2013 साली तेव्हाच्या औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यातल्या एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघी मैत्रिणींनी कंपनी सुरू केली. पहिली नऊ वर्षं पटकन सांगून टाकते. क्लासेसच्या वेबसाइट्स केल्या, मंगल कार्यालयांच्या केल्या, दोन पतसंस्थांची ॲप्स केली. पोट भरलं, चार मुलींना नोकरी देता आली.

2022च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यात काम करणारी एक संस्था आमच्याकडे आली. पती गेलेल्या बाईला आपल्याला काय मिळू शकतं, कोणते कागद लागतात आणि कुठे जायचं, हे मोबाइलवर कळावं, एवढीच त्यांची मागणी होती. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना, घरातला कर्ता माणूस गेल्यावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपये, सातबाऱ्यावरची वारस नोंद. माहिती सगळी शासन निर्णयांमध्ये होतीच. आम्ही ती वाचली, प्रश्नांची साखळी केली, सुंदर स्क्रीन्स केल्या आणि महिन्याभरात नमुना घेऊन धारूर तालुक्यात गेलो.

पहिल्याच गावात, पहिल्याच स्क्रीनवर गाडी अडली. तिथे चार बटणं होती, त्यातल्या एकावर ‘विधवा’ असं लिहिलेलं. ज्या काकूंच्या हातात फोन दिला होता, त्यांचं बोट त्या बटणावर जाईना. वाचता येत नसेल असं समजून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “वाचलं की माय. सगळा गाव म्हणतोय, आता मोबाइलबी म्हणायला लागला.”

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. आम्ही ती बातमी ऑफिसात वाचून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आमच्याच पहिल्या स्क्रीनवर पांढऱ्या साडीतल्या, मोकळ्या कपाळाच्या बाईचं चित्र होतं. ते चित्र त्याच रात्री काढलं. बटणाच्या जागी प्रश्न आला, “घरी काय घडलं?” आणि उत्तरं त्यांच्याच बोलण्यातली: मालक वारले, सोडून दिलं, फारकत झाली. ‘विधवा’ हा शब्द आता फक्त शेवटी, अर्ज भरताना येतो, कारण सरकारी अर्जावर तो आहे. त्याआधी एक वाक्य ऐकू येतं, की हा शब्द कागदासाठी आहे.

मग ठरवलं, नमुना बाजूला ठेवायचा आणि आधी ऐकायचं. संस्थेच्या कार्यकर्त्या ताईंबरोबर आम्ही धारूर, वडवणी आणि केज या तीन तालुक्यांत चौदा जणींकडे बसलो. संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर. दिवसा बसावं लागलं तर बुडालेली हजेरी आम्ही दिली. कागदपत्रांच्या पिशव्या समोर ओतायला सांगितल्या आणि कुठला कागद कधी, कुणी, किती खेपांनंतर काढून दिला ते विचारलं. आमचं खरं शिक्षण त्या पिशव्यांनी केलं.

एक उदाहरण देते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. ऊसतोडीला गेलेला माणूस कारखान्यावर वारला, तर दाखला तिकडच्या गावातून आणायचा, कधी कर्नाटकातूनही. 21 दिवसांच्या आत नोंद फुकट, पुढे 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर परवानगी (2023च्या कायदाबदलाआधी प्रतिज्ञापत्रही), वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आमच्या साखळीत ‘मृत्यूचा दाखला आहे का?’ हा अकरावा प्रश्न होता. म्हणजे दहा प्रश्नांची उत्तरं देऊन बाई अशा भिंतीशी पोचायची जी आम्हाला पहिल्या मिनिटाला दिसायला हवी होती. आता “ते कुठे वारले?” आणि “किती दिवस झाले?” हे दोन प्रश्न “घरी काय घडलं?” नंतर लगेच येतात.

उत्पन्नाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. संजय गांधी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. दिवसाला 300 रुपये हजेरी धरली तर हे पैसे 70 दिवसांत होतात. “वर्षाला किती मिळतं?” असं विचारलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. खरं सांगावं तर योजना जाते, खोटं सांगावं तर मनाला लागतं. ही मर्यादा बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, पण ॲप ती बदलू शकत नाही. आम्ही एवढंच केलं की उत्पन्न विचारणं बंद केलं. “तहसीलच्या दाखल्यावर कोणता आकडा आहे?” असं विचारतो. आणि हा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. या बायका ज्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात, ती परत येते मार्च-एप्रिलात. दिवाळीआधी धावपळ करून काढलेला दाखला उसाच्या फडातच संपतो. म्हणून साधन आता आधी विचारतं, “कारखान्यावर कधी जाणार?” आणि त्याप्रमाणे कागदांचा क्रम लावून देतं.

पण सगळा आराखडा ज्यानं उलटवला तो प्रश्न वेगळाच होता. फोन कुणाचा? चौदापैकी नऊ जणींकडे स्वतःचा स्मार्टफोन नव्हता. मुलाचा, नाहीतर दिराचा. आणि आम्ही त्यांना दिराच्या फोनवर वारस नोंद शिकवायला निघालो होतो! जमिनीत नाव लागू नये असं ज्याला वाटतं, त्याच्याच हातात तो फोन रात्री परत जाणार होता. एका मुलीनं हे आम्हाला अगदी हळू आवाजात सांगितलं, दाराकडे बघत. परतीच्या एसटीत आम्ही दोघी केजपासून गेवराईपर्यंत बोललोच नाही.

आधीचा आराखडा तिथेच थांबवला. आता ॲप कार्यकर्तीच्या फोनवर असतं. ती आणि बाई शेजारी बसतात, फोन दोघींच्या मध्ये. अक्षर मोठं, प्रत्येक प्रश्न ऐकू येणारा, आणि उत्तराचं बटण बाईनंच दाबायचं. शेवटी एक कागद मिळतो, त्यावर पुढचं एकच काम: कुठे, कोणते कागद घेऊन, कुठल्या वारी. एकटीनं विचारायचं असेल तर मिस्ड कॉलचा नंबर. फोन कार्यकर्ती करते, बाईनं सांगितलेल्या वेळेलाच. ‘तुम्ही पात्र नाही’ हे वाक्य कुठेही नाही. एक योजना बसली नाही तर लगेच दुसरी काय ते येतं, आणि काहीच नसेल तर तसं कार्यकर्ती स्वतःच्या तोंडानं सांगते. ते काम यंत्राकडे देऊ नये.

छोट्या चुका पुष्कळ झाल्या. काही फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. मराठीची वळणं 2009च्या शासन निर्णयात ठरलेली आहेत, तरी आम्ही तपासलं नव्हतं. “हे हिंदी हाय का?” असं विचारल्यावर कळलं. 2023 मध्ये संजय गांधी योजनेचं दरमहा अनुदान 1,000 वरून 1,500 झालं, तेव्हा रक्कम आवाजाच्या फितीत गुंफलेली असल्यानं सगळं पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. आता रकमा वेगळ्या ठेवतो.

पैशांचंही सांगायला हवं. संस्थेच्या देणगीदाराच्या तक्त्यात ‘ॲप’ असा रकाना होता, गावात फिरण्याचा नव्हता. वर 18 टक्के जीएसटी, जो संस्थेला परत मिळत नाही. आम्ही दोघींनी चार महिने पगार घेतला नाही. मुलींचे पगार थांबू दिले नाहीत, याचं समाधान आहे. त्यानंतर आमच्या प्रत्येक दरपत्रकात पहिली ओळ ‘वापरणाऱ्यांकडे जाऊन बसणे’ ही असते, दिवसांसकट आणि खर्चासकट. ती ओळ काढा म्हणणारी तीन कामं आम्ही सोडली. त्यातलं एक मोठं होतं, आणि सोडताना मला रात्रभर झोप आली नव्हती.

सध्या पाच तालुक्यांत कार्यकर्त्या हे साधन वापरतात. एक गोष्ट मात्र राहिली आहे. वर्षाचे सहा महिने या बायका गावात नसतातच, आणि आमचं सगळं ऐकणं गावात झालं आहे. म्हणून या हंगामात दसऱ्यानंतर आम्ही टोळ्यांच्या मागे जाणार आहोत. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या झोपडीत, वीज नसते, फोन चार्ज कुठे होतो, रेंज कुठे मिळते, आणि पहाटे फडावर गेलेली बाई दिवसातून कधी बसते, हे आधी बघायचं आहे. नमुना यावेळी पिशवीतच ठेवू.