वाट बदलता येते, काकू

मर्चंट नेव्हीत होतो म्हटलं की पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि दुसरा समुद्री चाच्यांचा. देवरुखच्या काकूंनी तो सगळ्यांत नीट विचारला. "आंबा घाटात दरड आली की एसटीसुद्धा अणुस्कुऱ्याने नेतात रे. सोमालियाकडे चाचे आहेत हे ठाऊक असताना तुमची जहाजं त्याच वाटेने कशी जातात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमचा अणुस्कुरा आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला आहे.

मुंबईहून रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल पडतात. केप ऑफ गुड होपला वळसा घातला की त्यात चार हजारांहून जास्त मैलांची भर. माझं जहाज बल्क कॅरिअर, म्हणजे कोळसा, खनिज, धान्य वाहणारं. चाल तेरा नॉट, ताशी जेमतेम चोवीस किलोमीटर. म्हणजे वळशाला दोन आठवडे, रोज तीसेक टन इंधन आणि जहाजाचं रोजचं भाडं वेगळं. सुएझचा टोल वाचतो, पण तेवढ्याने सहसा भागत नाही. शिवाय हा खर्च नक्की होणार. चाचे आले तर येतील.

२०१० साली सोमाली चाच्यांनी ४९ जहाजं पळवली, हजारावर खलाशी ओलीस धरले. तरी सुएझच्या वाटेवरच्या एकट्या एडनच्या आखातातून तेव्हा वर्षाला वीसेक हजार जहाजं जात होती. ऑफिसात बसलेल्या माणसाला हे गणित मांडायला पाच मिनिटं पुरतात. विमा कंपनी जादा हप्ता मागते, बहुतेक वेळा तो जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या माथी पडतो आणि जहाज निघतं.

आणि वळसा घेतला म्हणून सुटका होती असंही नाही. पळवलेल्या मासेमारी बोटींनाच तळ करून हे लोक किनाऱ्यापासून हजार-हजार मैल आत येत. मार्च २०११ मध्ये आपल्या नौदलाने अरबी समुद्रात 'वेगा ५' नावाची अशीच एक बोट पकडली, तिच्यावर ६१ चाचे सापडले. त्या काळात जहाजवाल्यांच्या नकाशावर धोक्याची हद्द पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत आलेली होती. म्हणजे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपला अख्खा किनारा हद्दीच्या आत! घरच्यांना मी हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

आता आम्ही जायचो कसे ते सांगतो. एडनच्या आखातात जहाजांसाठी ठरवून दिलेला एक पट्टा आहे, सुमारे ४९० सागरी मैलांचा. जाणाऱ्यांची लेन वेगळी, येणाऱ्यांची वेगळी, आणि आसपास निरनिराळ्या देशांच्या युद्धनौका. आपलं नौदल तिथे ऑक्टोबर २००८ पासून गस्त घालतं. पट्ट्यात शिरण्याआधी दोन-तीन दिवस डेकवर एकच काम: कठड्याला काटेरी तारेची भेंडोळी बांधणे. हातमोजे घालूनही हात फाटतात. बाहेरच्या बाजूला आग विझवण्याचे पाइप बांधून पाण्याचा मारा सुरू ठेवायचा. जुन्या बॉयलर सुटांत चिंध्या कोंबून बुजगावणी करायची आणि ती पहारेकऱ्यांसारखी उभी करायची. शेतातल्यापेक्षा आमची बरी दिसत, कारण त्यांना हेल्मेट असे.

भरलेलं बल्क कॅरिअर पाण्यात खोल बसतं, डेक पाण्यापासून फार उंच राहत नाही. चाच्यांच्या होडीला पंचवीस नॉटची चाल आणि सोबत ॲल्युमिनियमची आकडेवाली शिडी. त्यामुळे पळून सुटायचा प्रश्नच नसतो. वर चढलेच तर सगळ्यांनी आत कोंडून घ्यायचं. त्या जागेला सिटाडेल म्हणतात, आमच्याकडे ती स्टिअरिंग गिअरच्या, म्हणजे सुकाणूच्या यंत्रांच्या खोलीत होती. अन्न, पाणी, रेडिओ तिथे आधीच ठेवलेले. एकही माणूस बाहेर राहिला तर उपयोग शून्य, कारण मग कमांडोंना मोकळेपणाने वर चढता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' जहाजावरचे २१ जण, त्यांतले १५ भारतीय, असेच कोंडून बसले होते. आपल्या नौदलाच्या आयएनएस चेन्नईवरचे मार्कोस कमांडो जहाजावर चढले आणि सगळे सुखरूप बाहेर आले.

माझ्या वाट्याला एवढं काही आलं नाही. एकदा पहाटेच्या वॉचला चार होड्या सरळ आमच्या रोखाने आल्या. अलार्म वाजवला, सगळे खाली पळाले. होड्या मैलभरावरून निघून गेल्या. दुर्बिणीतून जाळी दिसली, मासेमारच होते. माझे पाय मात्र तासभर थरथरत होते.

आणि वाट बदलता येत नाही असं मुळीच नाही, काकू. नोव्हेंबर २०२३ नंतर येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं, ड्रोन सोडायला सुरुवात केली तेव्हा मोठमोठ्या कंटेनर कंपन्यांनी काही आठवड्यांत मोहरा केपकडे वळवला. दोन आठवडे, इंधन, भाडं, सगळं मान्य! चाचा जहाज पळवतो आणि पैसे मोजले की बहुधा परत देतो. क्षेपणास्त्र लागलं तर जहाजच जाऊ शकतं. माणसं ओलीस पडत होती तोवर बहुतेकांना हा वळसा परवडत नव्हता, असं मी म्हणतो. माझे जुने कॅप्टन याला कडवटपणा म्हणतात. असेल.

तुमचा खरा प्रश्न तुम्ही पोह्यांची बशी उचलताना हळूच विचारलात. "मग तू नाही म्हणायचं होतंस." म्हणता येतं. युनियनच्या करारात ठरावीक भागात जायला नकार देण्याचा हक्क आहे, कंपनी स्वखर्चाने घरी पाठवते. माझ्यापुढेही तो कागद आला होता. खाली दोन चौकोन होते, जायला तयार आणि तयार नाही. मी तेव्हा थर्ड ऑफिसर होतो, परीक्षेची फी भरायची होती आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच ऑफिसकडून यायचं होतं. पहिल्या चौकोनात खूण केली. मेसमध्ये विचारून पाहिलं तर बावीसच्या बावीस जणांनी तीच केली होती. धोक्याच्या पट्ट्यातल्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट मिळतो. आमचे ते दिवस भरले दोन.