होडीतून गळ टाकायचा तर आधी कागद

वीस वर्षं मी काठावर बसूनच गळ टाकत आलो. सिंधरोटला महीच्या काठी माझी ठरलेली जागा आहे. बडोद्यात वाढलेल्या माणसाला विश्वामित्रीतल्या मगरी लहानपणापासून ठाऊक असतात, त्यामुळे पाण्यापासून चार हात मागं बसायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. यंदा मात्र पूर्वेकडच्या एका धरणावर होडीतून मासे धरायचं मनात आलं. होडीत बसल्यावर पहिला मासा तिसऱ्या तासाला लागला. होडीत पाय ठेवायला तीन आठवडे लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

धरणाचं पाणी म्हणजे मोकळं पाणी, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. गुजरातेत जलाशयातली मासेमारी इजाऱ्यानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं दिलेली असते, कुठं सहकारी संस्थेला तर कुठं ठेकेदाराला. म्हणून पहिली चौकशी इजारदार कोण ही करायची. मी ती केली नाही आणि थेट मासेमारी खात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, ‘आ अमारामां न आवे.’ म्हणजे हे आमच्याकडे येत नाही, इजारदाराकडे जा.

इजारदाराचा माणूस नीट बोलला. काठावरून गळ टाका, हरकत नाही, होडीतून नाही. रात्री होडीनं येऊन त्यांची जाळी उचलून नेणारे असतात, त्यामुळे त्याची धास्ती मला पटली. होडीचं काय ते धरणाच्या कचेरीत विचारा, म्हणाला. धरणाच्या कचेरीत उत्तर मिळालं की पाणी आमचं, मासे आमचे नाहीत, पहिल्या कचेरीत जा. पुढच्या खेपेला गेलो तो चौथा शनिवार होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात हे मी जन्मभर पाळत आलोय, आणि नेमका त्या दिवशी विसरलो. अडीच तास जायला, अडीच तास यायला.

तिसऱ्या खेपेला एक फॉर्म हातात पडला. त्यात दोनच रकाने: जाळ्यानं मासेमारी आणि प्रवासी नौकाविहार. मी दोन्हींत बसत नव्हतो. विचारलं तर ‘साहेब रजा पर छे, काले आवजो.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर तो फॉर्मच चुकीचा दिला होता म्हणाले. एक माणूस, एक गळ, एक होडी; एवढ्या गोष्टीला उत्तर द्यायला तीन टेबलं लागावीत आणि एकानंही दुसऱ्याला फोन लावू नये, याचा मला खरोखर संताप आला.

त्याच दिवशी धक्क्यावर नावाडीकाका म्हणाले, चला साहेब, कोण बघतंय, दोन तासांत आणून सोडतो. होडीत एकच जीवरक्षक जाकीट होतं, त्याचा पट्टा तुटलेला. मी नाही म्हटलं. १८ जानेवारी २०२४ ला आमच्या गावच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतरचे दिवस ज्यानं बडोद्यात काढलेत, त्यानं विनाकागद, विनाजाकीट होडीत बसू नये. त्या दिवशी रिकाम्या हातानं परत आलो याचा मला अभिमान आहे. पुढच्या वेळी दोन जाकिटं मीच विकत घेऊन गेलो, एक काकांसाठी. जाकीट घालून, बकल लावून, दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

वाट दाखवली ती कचेरीबाहेर चहा पिणाऱ्या एका निवृत्त कारकुनानं. फॉर्म सोडा, साध्या कागदावर अर्ज करा. माझं गुजराती बोलणं ठीक असलं तरी लिहिणं कच्चं, म्हणून शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला: तारखा, होडीचा नोंदणी क्रमांक, नावाड्याचं नाव, माणसं दोन, गळ एक, जाळं नाही, सूर्यास्ताआधी परत. मूळ अर्ज इजारदाराला, प्रत कचेरीला, आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक. तो क्रमांक हातात आल्यावर सगळ्यांचं बोलणं बदललं, कारण आता ‘कागदच आला नाही’ म्हणता येईना. पाचव्या दिवशी दिवसाची फी भरून चिठ्ठी मिळाली.

आता पाण्यावरचं. काठावरचा माझा बारा फुटी रॉड होडीत निव्वळ अडचण झाला. सहा-सात फुटी पुरतो, कारण लांब फेकायचं नसतं, खाली सोडायचं असतं. खोली कळायला तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, शिसं बांधून सोडा आणि ती ढिली पडेपर्यंत आकडे मोजा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो; रोहू मधल्या; मृगळ तळाशी. काठावर असताना मी सगळ्यांनाच तळाशी शोधत होतो. जुन्या नदीचं पात्र जिथं बुडालंय तिथं उतार एकदम खाली जातो, त्या कडेवर नांगर टाका. ती जागा नकाशात शोधण्यापेक्षा नावाड्याला विचारा. काकांनी एका बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याकडे बोट केलं आणि रोहू तिथंच लागला, दोन किलोच्या आसपासचा.

नांगराचा दोर खोलीच्या निदान तिप्पट हवा, आणि तो नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा. बाजूला बांधला तर वारा आला की होडी आडवी होते. उभं राहून ओढायचं नाही, मासा कितीही मोठा असो. होडीच्या तळाला गोणपाट अंथरा, डब्याचा नुसता आवाज झाला तरी खालचा मासा पांगतो. दुपारनंतर वारा उठला तसे काका न विचारता परत वळले. मला अजून तासभर हवा होता, पण नावाड्याशी वाद घालायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

आमिषाला पेंडीत मळलेली कणीक घरूनच न्या, तिथं काही मिळत नाही. आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझी पहिल्याच दिवशी भिजली आणि धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं शिक्का वाचता येत नाही म्हणून अर्धा तास अडवलं. आवक शिक्क्याची प्रत खिशात होती म्हणून सुटलो. पुढच्या हंगामाचा अर्ज आत्ताच लिहून घेतलाय, तीन प्रती.