वळणावर टायर घासणारी पिकअप आणि अजून दोन इंच लिफ्टची मागणी

बेळगावात उद्यमबागेत आमचं गॅरेज, सस्पेंशन आणि अलाइनमेंटचं काम जास्त. पावसाळ्याच्या तोंडावर जांबोटी, कणकुंबी, चंदगडकडच्या गाड्या लई येतात. त्यातच एक दिवस जांबोटीकडचा पोरगा फोर बाय फोर पिकअप घेऊन आला, पुढं कॉइल, मागं पाटे, दुसरीकडं कुठंतरी दोन इंच स्पेसर लिफ्ट (सस्पेंशनमध्ये ठोकळा घालून गाडी उंच करणं) मारून घेतलेली आणि कंपनीचे २४५/७० आर १६ टायर (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, रिम किती इंच) काढून २६५/७५ आर १६ चढवलेले. म्हणाला, "अण्णा, वळणावर टायर घासूलाय, अजून दोन इंच उचलून द्या की." रविवारी घरच्यांना घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं त्याला.

उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवलं, कुठंच लागत नव्हतं. इथंच बरेच जण फसतात. लिफ्ट म्हणजे गाडी उभी असताना मिळालेली उंची, पण खड्ड्यात चाक वर गेलं की ते जुन्याच बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत, जातं, त्याची जागा काय बदललेली नसते. आणि या दोन टायरांचा हिशोब काढला तर जुना साधारण ७४९ मिलिमीटर उंच आणि नवा ८०४, म्हणजे चाकाच्या मधल्यापासून वर सत्तावीस एक मिलिमीटर रबर जास्त, शिवाय रिम तोच असल्यामुळं आतल्या बाजूला पण दहा मिलिमीटर आत आलेला. घाट उतरताना ब्रेक दाबत वळवली की पुढचं सस्पेंशन खाली बसतं आणि चाक त्याच वेळी वळलेलं असतं, घासतं ते तिथं. अजून उचलून त्या जागेला काहीच होत नाही, उलट पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सीव्ही जॉइंटचे अँगल बिघडतात.

म्हणून नीट बघायचं ठरवलं. गाडी स्टँडवर घेतली, पुढचे दोन्ही शॉकअप स्प्रिंगसकट उतरवले, अँटी रोल बारच्या (दोन्ही चाकं जोडणारी, गाडी कलू न देणारी दांडी) लिंका सोडल्या, लायनरला (चाकावरचं आतलं प्लास्टिक अस्तर) खडू फासला आणि खालच्या आर्मला जॅक लावून चाक हळूहळू बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घेत स्टेअरिंग फिरवायला सुरू केलं. कुठं लागतंय ते डोळ्यांनी दिसतं यात, अंदाज करायला लागत नाही. पहिली जागा चाकामागं खाली, लायनरच्या मागं केबिनचा माउंट येतो तिथं. दुसरी बंपरच्या कोपऱ्यावर. ह्या दोन मला अपेक्षितच होत्या.

मग उजवं चाक वर घेतलं आणि टॉर्च मारत बसलेला हेल्पर एकदम ओरडला, "अण्णा, इल्ली नोड्री!" (इथं बघा!) वाकून बघितलं तर टायरचा आतला खांदा ब्रेकच्या रबरी पाइपला घासत होता, वरचं रबर पूर्ण गेलेलं, आतली विणलेली जाळी दिसत होती. लिफ्ट केल्यावर पाइप ताणला गेला असणार, म्हणून बसवणाऱ्यानं ब्रॅकेटचा बोल्टच काढून पाइप केबल टायनं आर्मला बांधला होता, टाय सैल झाला आणि पाइप टायरकडं झुकला. माझ्या अंगावर काटा आला खरंच. तो पाइप चोर्ल्याच्या उतारावर फुटला असता तर पेडल खाली गेलं असतं, आणि मागच्या सीटवर त्याचे आईवडील. पोराला आत बोलवून हात लावायला लावला, मग त्यानं लिफ्टचं नाव काढलं नाही.

वडिलांना फोन लावून दिला त्यानं. काकांनी एवढंच विचारलं, "टायर बदलायला लागतील काय?" एका टायरची साइडवॉल कापलेली होतीच, त्यामुळं मी स्पष्ट सांगितलं की २६५/७० आर १६ घ्या, उंची साधारण ७७७ येते. कंपनीचा साइज घ्याल तर सगळ्यात चांगलं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर गाडी बदलली की त्रास मालकालाच, शिवाय ८०४ च्या टायरवर मीटर ६० दाखवत असताना गाडी खरं ६४ च्या आसपास पळते. पोराचा जीव २६५ वर होता, शेवटी ७० वर तडजोड झाली.

मग कामाला लागलो. दोन्हीकडं योग्य लांबीचे नवे ब्रेक पाइप, ब्रॅकेट परत बोल्टनं, मग ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं. बंप स्टॉपखाली स्पेसर दिला म्हणजे चाक आधीच अडतं. लायनर हीट गननं तापवून मागं दाबला, बंपरचा आतला प्लास्टिक कोपरा कापला. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट फिरवून कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) वाढवला, त्यानं चाक थोडं पुढं सरकलं आणि माउंटपासून लांब गेलं. पोरगा मधे व्हील स्पेसरचं (चाक बाहेर ढकलणारी चकती) विचारत होता, ते मी नाही म्हणालो, चाक बाहेर गेलं की वळताना त्याचा घेर मोठा होतो आणि बंपरला अजून लागतं. शॉकअप परत चढवून शेवटी पूर्ण अलाइनमेंट.

संध्याकाळी येळ्ळूरकडून राजहंसगडाच्या चढावर नेली, गाडीत चौघं बसून, उतरताना मुद्दाम वळणावर ब्रेक दाबत. परत येऊन बघितलं तर लायनरवरचा खडू तसाच होता. पोराला सांगितलं, पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट परत टाइट करायला आण, आणि घाटात कुठं खरखर आली तर गाडी तिथंच बाजूला घे, बेळगावपर्यंत आणत बसू नको, मला फोन कर, मी येतो.