चिठ्ठीत आलेली व्हॅन

मी कॉलेजच्या टीम्सच्या गाड्या चालवतो, न्यूयॉर्क राज्यात, सिराक्यूजच्या खाली तासाभरावर. स्विमिंगवाले, डिबेटवाले, सगळ्यांना नेऊन आणलंय पण हिवाळ्यात खरं टेन्शन असतं ते रायडिंग टीमचं, म्हणजे घोडेस्वारीवाल्यांचं. यांचे शो कुठेतरी आडबाजूच्या तबेल्यावर, ते पण शनिवारी सकाळी, म्हणजे आपण पहाटे चारला बर्फ खरवडत उभे.

लोकांना वाटतं मागे ट्रेलर, ट्रेलरमधे घोडे. तसं काही नसतं. इंटरकॉलेजिएट हॉर्स शोज असोसिएशन म्हणून संघटना आहे, 1967 पासूनची, तिच्या शोमधे घोडे यजमान कॉलेजचे, खोगीर लगामसुद्धा त्यांचेच. मुली फक्त बूट, कोट, हेल्मेट आणि केसांच्या जाळ्या घेऊन जातात (जाळ्या कायम कमी पडतात, का ते मला आजवर कळलेलं नाही). कोणाला कुठला घोडा ते चिठ्ठी काढून ठरतं, आणि घोडा मिळाला की वर बसायचं, रिकिबी आपल्या मापाच्या करायच्या आणि थेट रिंगणात. वॉर्मअप नाही, एक चक्करसुद्धा मारायला मिळत नाही. त्यामुळे शो सुरू व्हायच्या आधी यजमान टीमची पोरं ते घोडे फिरवून मोकळे करतात ना, तो तासभर फार महत्त्वाचा, सगळ्या टीम्स कठड्याला टेकून बघत असतात की कुठला आळशी आहे, कुठला डाव्या बाजूला दबतो, कुठला उडीच्या आधी घाई करतो. ते चुकलं म्हणजे पेपरला न वाचता बसल्यासारखं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. शो वर, कॅनडा बॉर्डरच्या बाजूला, आमच्यापासून पावणेचार तास. घोडे फिरवणार 8 ला म्हणून आम्ही सव्वाचारला निघालो, आठ मुली, कोचबाई आणि मी. आणि त्यात आमची नेहमीची व्हॅन गॅरेजमधे. मला जी मिळाली ती 12 सीटर, मागच्या चाकांवर चालणारी, आधी कधी हातात न आलेली. (15 सीटर आमच्याकडे वापरतच नाहीत. भरलेली 15 सीटर उलटायचा धोका फार, याचा इशारा सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने 2001 मधेच दिलाय.) पार्किंगमधेच दोनदा मुद्दाम ब्रेक मारून बघितला तर मागचं बूड सरळ डावीकडे निघालं. सगळ्यांना पुढच्या सीटांवर बसवलं, टपावर काही ठेवायचं नाही म्हटलं. मागून एकजण म्हणाली, "म्हणजे आज तुम्हालापण चिठ्ठीतूनच मिळाली की." मी म्हटलं हो, आणि वॉर्मअप पण नाही.

सिराक्यूजपर्यंत रस्ता कोरडा होता, मुली तोंड उघडी टाकून झोपलेल्या. आय-81 हायवेने वर निघालं की डावीकडे ऑन्टारियो लेक येतो, दिसत नाही पण असतो. कॅनडाकडून येणारा गार वारा तलावाच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की सगळी बर्फ करून टाकतो, पुढे टग हिलचा चढ आहे तिथे तर अजूनच, काही ठिकाणी वर्षाला सरासरी 200 इंचांच्या वर. एरी लेक उथळ, सरासरी 62 फूट, तो गोठला की तिकडचा बर्फाचा कारखाना बराचसा बंद पडतो. ऑन्टारियो सरासरी 283 फूट खोल, पूर्ण असा क्वचितच गोठतो, म्हणून फेब्रुवारीत सुद्धा याची फॅक्टरी चालूच. आणि हा बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही, पट्ट्यात पडतो. पट्टा काही मैल रुंद, बाहेर चांदणं आणि आत पांढरी भिंत.

आम्ही भिंतीत शिरलो पुलास्की गावाच्या थोडं अलीकडे, पावणेसहा वाजले असतील, मिट्ट काळोख. आधी दोन लेनमधली रेघ गेली, मग पुढच्या ट्रकचे लाल दिवे गेले, मग रस्ताच गेला. हाय बीम लावला तर समोर पांढरा पडदाच दिसतो म्हणून डिपरवर आणला. डॅशबोर्डवर 9 डिग्री, फॅरनहाईट, म्हणजे उणे 13. साधारण 15 फॅरनहाईटच्या खाली रस्त्यावरचं मीठ जवळजवळ काम करत नाही, ते नुसतं खड्यासारखं पडून राहतं. एका छोट्या पुलावर मागचं बूड सुटलं. फार नाही, हातभर. मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही, एक्सलेटर सोडला आणि स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे हळूच धरून ठेवलं, ती परत रेषेत आली पण तेवढ्यात उजवं चाक कडेच्या खाचांवरून घर्रर्र करत गेलं आणि मागच्या सगळ्या जाग्या झाल्या. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं, ती शांतता फार वाईट होती.

पुलास्कीचा एक्झिट कसाबसा दिसला, घेतला, पेट्रोल पंपावर जाऊन थांबलो.

कोचबाई शेजारीच होत्या. "किती वेळ?" मी म्हटलं प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक, जाईपर्यंत. त्या म्हणाल्या, "हळूहळू जाऊया ना, तीसने. घोडे बघायला नाही मिळाले तर मुलींचं काही खरं नाही, आणि पॉइंट रायडर मी आधीच ठरवून टाकलेत." मला तेव्हा या पॉइंटचं नीट माहीत होतं, प्रत्येक क्लाससाठी, म्हणजे शोमधल्या प्रत्येक गटाच्या स्पर्धेसाठी, टीममधली एकच रायडर आधी ठरवून द्यायची, तिचेच मार्क टीमला, पहिलीला 7, मग 5, 4, 3, 2, 1. म्हणजे बाई उगाच हट्ट करत नव्हत्या. पण आमच्याकडे नियम असा आहे की गाडी थांबवायची की नाही ते ड्रायव्हरने ठरवायचं. मी म्हटलं, नाही. त्या खाली उतरल्या आणि कॉफी घेऊन आल्या, एकच कप. मी समजलो.

सव्वा तास बसलो. इंजिन चालू होतं म्हणून मधे मधे उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ पायाने बाजूला करत होतो, ते तोंड बुजलं की धूर आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलींनी आतच केस बांधले, जाळ्या लावल्या. सात वाजून गेल्यावर प्लाऊ आला, पिवळे दिवे फिरवत, आणि आम्ही त्याच्या मागे भरपूर अंतर ठेवून वॉटरटाउनपर्यंत तीस-पस्तीसने गेलो. त्याला ओव्हरटेक करायचा मोह मला पण झाला, खोटं कशाला बोलू.

पोचलो तेव्हा दहाला आले होते. यजमानांनी शो थोडा पुढे ढकलला होता म्हणून क्लास चुकला नाही एवढंच, घोडे फिरवून झाले होते. आणि उड्यांचे क्लास असतात पहिले. आमची सिनियर, टीमची सगळ्यात भारी मुलगी, तिला चिठ्ठीत उंच पांढरा घोडा आला. कागदावर त्याच्यापुढे एवढंच लिहिलेलं, चाबूक नको, स्पर (टाचेला लावायची आर) नको, तोंड हलकं धरा. बघितलेला नव्हता तिने. तिसऱ्या उडीला तो सरळ थांबला, ती त्याच्या मानेवर. दुसऱ्यांदा घेतली, गेला, पण नंबर गेला तो गेलाच. शून्य.

आणि वर हे कळलं की आमच्याही खालून आलेली एक टीम, त्याच रस्त्याने, आमच्या पुढे अर्धा तास असेल, न थांबता वेळेवर पोचली होती. त्यांच्या ड्रायव्हरबरोबर मी सँडविच खाल्लं. चांगला माणूस. म्हणाला, "मला काहीच दिसत नव्हतं, मी नुसता जात राहिलो." यावर काय बोलणार? मी परत तिथेच थांबेन, पण त्या सिनियरच्या तोंडाकडे बघवत नव्हतं तेही खरंच आहे.

दुपारी सगळ्यात खालच्या गटात, नुसतं चालवणं आणि ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, आमची फर्स्ट इयरची मुलगी चौथी आली. 3 पॉइंट. तिने असा नाच केला की सिनियरपण हसली.

परतताना पुलास्कीला रस्ता काळाभोर, कोरडा, वर चांदण्या. कुठे घसरलेली गाडी नाही, काही नाही, सकाळी इथे काही झालंच नाही असं. कोचबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पुढच्या वेळी आदल्या रात्री निघू, हॉटेलच्या पैशाचं मी बघते." मग त्याच एक्झिटला थांबायला लावलं आणि दोन कप आणले.

रात्री अकराला व्हॅन जमा केली. मागच्या सीटखाली दोन जाळ्या सापडल्या. फॉर्मवर खाली गाडीबद्दल शेरा म्हणून रकाना असतो, तो मी कधी भरत नाही. त्या दिवशी लिहिलं: मागून लवकर सुटते, ब्रेक जोरात मारू नका, हलकी धरा.